दुधाचा हिशेब मोडीत

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचायला शिकायची तर रोज लिहायला बसा, असं वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं. रोज लिहायचं काय, हा खरा प्रश्न. बखरी उतरवून काढण्याचा उत्साह माझ्यात नाही. म्हणून रात्री ओटा आवरला की घरचा हिशेब मोडीत लिहिते. दूध एक लिटर, रवा अर्धा किलो, मावशींची उचल, नणंदेचा फोन.

आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला खालून लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही, वेलांटी एकच, उकार एकच! शाळेत शुद्धलेखनात गुण गेलेल्यांनी ही लिपी जरूर शिकावी.

मोडी अक्षरांचा तक्ता मात्र वहीखाली झाकून ठेवते. समोर असला की हात चालतो आणि डोकं झोपतं. अडलं तर तिथे टिंब द्यायचं, पुढे जायचं आणि शेवटी तक्ता काढून बघायचं. टिंबं बहुतेक ‘र’वर पडतात. पुढचा स्वर बदलला की हा पठ्ठ्या रूप बदलतो. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर आदला हिशेब मोठ्याने वाचते. शब्द तोडायचे कुठे, हे त्या वाचनातच कळायला लागलं.

सासऱ्यांच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद आहेत. परवा एक उघडला. ‘राजश्री’ लागलं, गावाचं नावही लागलं. पुढची ओळ वहीत उतरवून घेतली आहे, टिंबांसकट.