बेसचा प्रीअँप: आठवडाभराच्या नोंदी

सोमवार, रात्री

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा असो, गणेशोत्सवातलं स्टेज असो की लग्नाच्या हॉलमधला बँड, बेस गिटारवाल्यासाठी वेगळा अँप (अँप्लिफायर) क्वचितच येतो. साउंडवाला मिक्सरकडे जाणाऱ्या एक्सएलआरचं (माइकच्या तीन पायांच्या केबलचं) टोक हातात देतो आणि म्हणतो, "यात लावा." पुढचे तीन तास कसे जाणार, हे त्या वेळी बेसच्या पिशवीत काय आहे त्यावर ठरतं. पेडलप्रीअँपबद्दल, म्हणजे बेस आणि मिक्सर यांच्या मध्ये पायाशी ठेवायच्या पेटीबद्दल, जे काही लिहायचं ते या टोकापासून सुरू करायला हवं. घरी हेडफोनवर कसं वाजतं, हा प्रश्न खूप नंतरचा.

पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला, बेस सरळ मिक्सरला लावला की आवाज कांबळं पांघरल्यासारखा का येतो? मीटर लावला तर प्रिसिजन जातीच्या बेसचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, साधारण १० किलोओहम दाखवतो, जॅझ जातीचा ७-८. पण ती नुसती डीसीची मोजणी. पिकअप म्हणजे तारेचं वेटोळं, त्याला काही हेन्रीचा इंडक्टन्स असतो, आणि जसजसं वरच्या फ्रीक्वेन्सीकडे जावं तसतसा त्याचा इंपीडन्स (विजेला होणारा एकूण अडथळा) कित्येक पटींनी चढतो. समोर मिक्सरचा लाइन इनपुट जेमतेम १० किलोओहमचा आणि माइकचा तर दीडदोन किलोओहमचा. मग वरचे सूर पिकअपमध्येच अडकतात, बोटं घासल्याचा आवाज, तारेची धार निघून जाते आणि लेव्हलही पडते. ती धार इक्यू (टोनचे नॉब) वाढवून परत येत नाही, फक्त खरखर वाढते. म्हणून प्रीअँपचं पहिलं काम रंग भरायचं नाही. आत येताना १ मेगओहम दाखवायचा आणि बाहेर जाताना कमी इंपीडन्सचा, बॅलन्स्ड (बाहेरची खरखर कमी पकडणारा) सिग्नल द्यायचा, हे त्याचं पहिलं काम. हे नीट झालं नाही तर बाकीचे सगळे नॉब फुकट.

अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरी असलेल्या, बेसचं उलटं. त्याचा आउटपुट आधीच दमदार असतो. अंगठ्याने स्लॅप मारली की ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलच्या डोक्यावरून जातो आणि फाटका 'टप्' ऐकू येतो. पेडलवर पॅड (आत येणारा सिग्नल कमी करणारा स्विच) असेल तर दाबायचा, नसेल तर बेसचा व्हॉल्यूम थोडा खाली घ्यायचा. काही पेडल १८ व्होल्टवरही चालतात आणि तिथे आवाज फाटण्याआधीची जागा वाढते, पण पेडलवर तसं छापलेलं असेल तरच.

मंगळवार

न्यूयॉर्कच्या टेक २१ ने १९८९ मध्ये पहिला सॅन्सअँप काढला, तेव्हापासून अँपचा आवाज पेटीत भरून मिक्सरला द्यायची पद्धत रुळली. त्यांचा बेस ड्रायव्हर डीआय (डीआय म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी) आजही कितीतरी पेडलबोर्डवर दिसतो. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा नॉब म्हणजे ब्लेंड: क्लीन (साफ) सिग्नल आणि ड्राइव्ह (मुद्दाम फाडलेला आवाज) किती मिसळायचे, ते ठरवणारा.

ब्लेंड का लागतो, हे एका तारेवर समजून घ्यावं. मोकळी ई ४१ हर्ट्झची. तिला ड्राइव्ह दिला की ८२, १२४, १६५ असे वरचे हार्मोनिक फुगतात आणि मूळचा ४१ त्यांच्या तुलनेत बारीक पडतो. खोलीत एकटं वाजवताना हे भरदार वाटतं. ड्रम सुरू झाला की बेस कुठे गेला ते कळत नाही. गिटारचा ओव्हरड्राइव्ह बेसला लावला तर हेच जास्त जाणवतं: ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो, कारण तो गिटारचा चिखल काढायलाच तसा केलाय. आपला बेस बहुतेक त्या चिखलातच राहतो. म्हणून क्लीन सिग्नल बाजूने जाऊ द्यायचा आणि ड्राइव्ह त्यावर पसरायचा. ब्लेंड ४०-५० टक्क्यांपासून सुरुवात करावी, आणि ड्रमसोबत ऐकूनच पुढे सरकावं.

इथे एक खोच आहे. दोन वेगळी पेडल मिक्सर-पेडलने एकत्र केली आणि त्यातलं एक सिग्नल उलटा करत असेल, तर दोन्ही मिळून खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात. ब्लेंड मधोमध आणल्यावर आवाज पातळ झाला की समजायचं, फेज उलटलाय. उलटवायचा स्विच नसेल तर ती जोडी सोडून द्यावी.

सॅन्सअँपच्या जातीच्या आवाजात मिड (मधल्या फ्रीक्वेन्सी) आतून कोरलेले असतात. एमएक्सआर कंपनीच्या एम८० या बेस प्रीअँपवरचा कलर स्विचही तेच करतो. एकट्याने वाजवताना गोड लागतं, पण सोबत ढोलकी, डग्गा, की-बोर्डचा डावा हात आणि ऑक्टापॅडचा किक असला की खाली सगळी गर्दी होते. तिथे बेस ओळखू येतो तो ७०० ते १००० हर्ट्झमधून. प्रीअँपला मिडचा नॉब असेल तर त्या पट्ट्यात दोनतीन डेसिबल वर. नसेल तर बेस आणि ट्रेबल दोन्ही खाली घेऊन लेव्हल वाढवायची, परिणाम तोच. आणि ३० हर्ट्झच्या खालचं हायपासने (खालच्या फ्रीक्वेन्सी कापणाऱ्या फिल्टरने) कापून टाकावं. तिथे सूर नसतो, तारेवर हात आपटल्याची धडधड असते, आणि ती सबवूफरचा जीव खाते.

पीएचा (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांचा) हॉर्न, म्हणजे वरचे सूर काढणारा भोंगा, हा वेगळा शत्रू. बेस कॅबिनेटचा दहा इंची स्पीकर चारपाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, म्हणून अँपवर ड्राइव्ह मऊ वाटतो. तोच ड्राइव्ह सरळ पीएला दिला की हॉर्नमधून माशी अडकल्यासारखी किरकिर येते. कॅबिनेट सिम्युलेशन (बेस स्पीकरची नक्कल) असेल तर चालू ठेवावं, नसेल तर ट्रेबल निम्म्याच्या खाली.

बुधवार

पेडलचा क्रम: ट्यूनर, कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सपाट करणारा), ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा सूर जोडणारा), ड्राइव्ह, प्रीअँप-डीआय. कोरस-डिले वापरणार असाल तर ड्राइव्हनंतर आणि डीआयच्या आधी, एवढंच. एनव्हलप फिल्टर मात्र कॉम्प्रेसरच्या आधी, कारण तो बोटाच्या जोरावर उघडतो आणि कॉम्प्रेसर नेमका तो जोरच सपाट करतो.

कॉम्प्रेसरवर बरेच जण रिलीज (दाबलेला आवाज सोडायला लागणारा वेळ) अगदी कमी ठेवतात आणि मग "पेडल फाटतंय" म्हणतात. ४१ हर्ट्झच्या एका लाटेला २४ मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याच्या जवळपास आला की कॉम्प्रेसर सुराच्या चढउताराऐवजी लाटेच्याच मागे धावतो, आणि ती लाट वाकडी होते. ऐकू येते ती हीच फाट. अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) २०-३० मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा पहिला ठोका मोकळा जातो. रिलीज १५० ते २०० मिलिसेकंद. १२० च्या लयीत अर्ध्या मात्रेचा सूर २५० मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा पुढचा सूर यायच्या आत कॉम्प्रेसर सुटलेला असतो. रेशो (किती दाबायचं ते) ४:१, आणि सुई किंवा दिवे ३ ते ६ डेसिबलच्या पलीकडे जाऊ द्यायचे नाहीत.

पाच तारांच्या बेसवर खालची बी ३१ हर्ट्झची. कितीतरी ट्यूनर तिच्यावर घुटमळतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक द्यावा, काटा लगेच थांबतो.

गुरुवार

आज फक्त विजेबद्दल, कारण कार्यक्रम बिघडतात ते टोनमुळे कमी आणि विजेमुळे जास्त.

पेडलची पिन २.१ मिलिमीटरची, ९ व्होल्ट, मध्यभागी मायनस. घरातल्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरची पिनही तशीच बसते, पण त्याच्या मध्यभागी बहुतेक वेळा प्लस असतो. बसली म्हणजे चालेल असं नाही. अडॅप्टरवर गोलात ठिपका असलेलं छोटं चित्र छापलेलं असतं, ते वाचावं. उलटी वीज दिली की पेडलमधला संरक्षक डायोड स्वतः जळून बाकीचं वाचवतो, आणि पेडल मेल्यासारखं पडतं. डायोड दोनपाच रुपयांचा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. वेळ जातो तो उघडून बदलण्यात.

करंटचा हिशेब. अ‍ॅनलॉग ड्राइव्ह ५ ते २० मिलिअँपिअर खातो, डिजिटल पेडल १०० ते ३००. दोन्ही जाती एकाच साखळी-वायरवर लावल्या की डिजिटलची बारीक शिट्टी बेसमध्ये शिरते. आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्यावा, किंवा डिजिटलला निदान स्वतंत्र अडॅप्टर.

पॉवर बँकेचं लोक विचारतात. १०,००० मिलिअँपिअर-तास ही मोजणी आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलची असते, म्हणजे ३७ वॅट-तास. ९ व्होल्ट करताना जाणारं धरून ३० उरले. सगळा बोर्ड २०० मिलिअँपिअर खात असेल तर १.८ वॅट, म्हणजे सोळाएक तास. भरपूर. अडचण उलटीच: एकटंच अ‍ॅनलॉग पेडल लावलं तर ते इतकं कमी खातं की बँकेला वाटतं, फोन भरून झाला, आणि ती झोपी जाते. गाण्याच्या मधोमध. हलक्या लोडसाठी वेगळा मोड असलेली बँक घ्यावी किंवा शेजारी एखादं डिजिटल पेडल जागं ठेवावं.

फँटमवर, म्हणजे मिक्सरने एक्सएलआर केबलमधून पाठवलेल्या विजेवर, चालणारे प्रीअँप मला आवडतात, पण त्यांची मर्यादा कागदावर मांडून पाहावी. मिक्सर ४८ व्होल्ट देतो ते एक्सएलआरच्या दोन सिग्नल-पायांपैकी प्रत्येकात ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. दोन समांतर म्हणजे ३.४ किलोओहम. पेडलला ९ व्होल्ट हवे असतील तर उरलेले ३९ व्होल्ट भागिले ३४००, म्हणजे साडेअकरा मिलिअँपिअर. यापलीकडे एक थेंबही नाही. म्हणून अ‍ॅनलॉग प्रीअँप यावर चालतो आणि डिजिटल चालत नाही. साउंडवाल्याने फँटम दिल्यावर आतले कपॅसिटर भरायला काही सेकंद जातात, तोवर आवाज अर्धवट येतो. पंधरा सेकंद थांबावं, नॉब फिरवत बसू नये. आणि फँटम चालू-बंद करताना चॅनल म्यूट हवाच, नाहीतर पीएमधून गोळी सुटते.

याच ठिकाणी हमखास फसगत होते. हम (विजेची घूंघूं) येतोय म्हणून ग्राउंड लिफ्ट (केबलची ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच) दाबला आणि प्रीअँपच बंद पडला. का? फँटमची वीज एक्सएलआरच्या २ आणि ३ नंबरच्या पायांतून येते आणि १ नंबरमधून परत जाते. लिफ्ट नेमका तो १ नंबर तोडतो. परतीची वाटच गेली. लिफ्ट हवा असेल तर बॅटरी किंवा अडॅप्टर हवा.

हमबद्दल आणखी. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे हम जवळजवळ आपलाच सूर आहे, तो इक्यूने कापता येत नाही. कुठून येतोय ते शोधावं लागतं. अंग वळवल्यावर कमीजास्त होतो? पिकअपचा, जॅझवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की जातो. तारांना हात लावल्यावर थांबतो? शील्डिंग किंवा अर्थिंग. एक्सएलआर लावल्यावरच सुरू होतो? ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला गेलाय), आता लिफ्ट दाबा. थ्री-पिनमधली अर्थची पिन कापून हम घालवणारे अजून भेटतात. असं करू नये, कधीच. एका हातात तारा आणि ओठाला माइक असताना त्या कापलेल्या पिनेची किंमत जीव असू शकते. जनरेटरवर, मांडवातल्या एक्स्टेन्शन बोर्डवर अर्थिंगचा भरवसा नसतो. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अडॅप्टर काढून बॅटरीवर जावं, आणि माइकला हात लावण्याआधी साउंडवाल्याला सांगावं.

शुक्रवार

ऑक्टेव्ह. बॉसचा ओसी-२ १९८२ चा, त्याचा सिंथसारखा जाड सूर आजही लोक शोधतात. तो कुठे वाजवायचा, हे महत्त्वाचं. ई तारेवर पाचव्या फ्रेटचा ए ५५ हर्ट्झचा. त्याखालचा सप्तक २७.५, जो बहुतेक पीए काढतच नाहीत. शिवाय अ‍ॅनलॉग ऑक्टेव्ह तिथे अडखळतो, सूर उड्या मारतो. डी तारेवर सातव्या फ्रेटला ए घ्यावा, ११० हर्ट्झ. खाली ५५ येतो, आणि तो पोटात जाणवतो. मानेकडचा पिकअप, टोन नॉब कमी, एका वेळी एकच तार, बाकीच्या बोटाने दाबून ठेवलेल्या.

एकाच पेटीत सगळं हवं असेल तर झूमचा बी१ फोर चार एए सेलवर चालतो, पिशवीच्या कप्प्यात मावतो. पण त्याला एक्सएलआर नाही. म्हणजे डीआय बॉक्स वेगळा न्यायचा. विकत घेताना हे लक्षात राहत नाही, स्टेजवर लक्षात येतं.

शनिवार, सकाळी

पिशवी: प्रीअँप, नवी अल्कलाइन ९ व्होल्ट, दोन पॅच केबल जास्तीच्या, सहा मीटरची जॅक केबल, पाच मीटरची एक्सएलआर, छोटा पाना. पाना जॅकच्या नटसाठी. नट सैल झाला की केबल ओढल्यावर आतला जॅक फिरतो आणि सर्किट बोर्डवरचा सोल्डरचा डाग तडकतो. मग आवाज कधी येतो, कधी जातो, आणि सगळे केबलला दोष देतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. कोकणात आणि गोव्यात तर वर्षभर ठेवाव्यात, दमट हवेने नॉब फार लवकर खरखरतात.

साउंडचेकला आधी सगळी पेडल बंद ठेवून, नुसत्या क्लीन सिग्नलवर मिक्सरचा गेन लावून घ्यायचा. मग प्रीअँप चालू, आणि लेव्हल नॉब अशा जागी की चालू-बंद दोन्हीला आवाज सारखाच मोठा वाटेल. नाहीतर कान नुसत्या मोठ्या आवाजाला चांगला समजतात. ड्राइव्ह सगळ्यात शेवटी, पूर्ण बँड वाजत असताना.

कार्यक्रम संपला की म्यूट, फँटम बंद, मग एक्सएलआर. आणि इनपुटची पिन बाहेर. पेडलला वेगळा बॅटरीचा स्विच नसतो: इनपुटचा जॅक स्टीरिओ असतो, बॅटरीची मायनस त्याच्या मधल्या कड्याला जोडलेली. आपली मोनो पिन आत गेली की तिचा धातू ते कडं आणि ग्राउंड जोडून टाकतो, आणि पेडल जागं होतं, पायाने बंद केलेलं असलं तरी. अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास, पेडल खातं ५. शंभर तास. आज रात्री पिन राहिली, तर गुरुवारच्या तालमीला बॅटरी गेलेली असेल.