जीएस आधी की ग्रँट आधी?

२०२५ च्या पावसाळ्यात एमबीबीएस प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्यासाठी मी पुतणीच्या शेजारी बसलो होतो. पडद्यावर महाविद्यालयांची नावे एकाखाली एक रचली जात होती आणि पहिल्या दोन ओळींपाशी माझ्यामुळे काम अडले. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले जीएस, वर ठेवायचे की भायखळ्याचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे जेजे? तिच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. "काका, जीएसचा कट-ऑफ नेहमी वर जातो, म्हणजे जीएस आधी," असे तिने सांगितले आणि माऊस पुढे सरकवला. तिचे उत्तर चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. मात्र त्याला दिलेले कारण मला पटले नाही, आणि ते का पटले नाही हे त्या वेळी नीट सांगता न आल्यामुळे आज सविस्तर लिहीत आहे.

कट-ऑफ म्हणजे काय, तर त्या महाविद्यालयात शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे गुण किंवा त्याचा क्रमांक. त्यात महाविद्यालयाने केलेले असे काहीच नसते. परीक्षा, म्हणजे नीट, राष्ट्रीय, गुणवत्ता यादी राष्ट्रीय, जागावाटप संगणकाचे. जीएस किंवा ग्रँट आपला एकही विद्यार्थी स्वतः निवडत नाही. कोणी मुलाखत घेत नाही, कोणी निबंध वाचत नाही. दोघांचे गुण सारखे असले तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे, आणि तेवढ्यावर पुढचा-मागचा ठरतो. वरच्या क्रमांकाच्या मुलांनी गेल्या वर्षी काय पसंत केले याची ती नोंद आहे. त्यांनी ते पसंत केले कारण त्याच्या आदल्या वर्षीच्या मुलांनी तेच केले होते. शिवाय हा आकडा किती लवचीक असतो हे त्याच वर्षी दिसले होते. २०२४ मध्ये ७२० पैकी ६०० गुण मिळालेला विद्यार्थी देशात ८० हजारांच्या आसपास होता. २०२५ चा पेपर इतका अवघड निघाला की पहिला आलेल्या विद्यार्थ्यालाच ६८६ गुण होते आणि ६०० च्या वर दीड हजारही मुले नव्हती.

नियम बदलले की कट-ऑफही हलतो, ही गोष्ट तर महाराष्ट्रातल्या पालकांइतकी कोणाला ठाऊक नसेल. २०२० पर्यंत राज्याच्या वाट्याच्या जागांवर ७०:३० चे सूत्र होते: सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि तीस टक्के सर्व राज्यासाठी. मराठवाड्यातल्या हुशार मुलीला मुंबईची जागा हवी असेल तर तिला त्या तीस टक्क्यांतच झगडावे लागे. ते सूत्र रद्द झाले आणि मुंबईच्या महाविद्यालयांसाठीची रांग एका निर्णयासरशी लांबली. शिकवणारे तेच, वॉर्ड तेच, शरीररचनाशास्त्राची टेबले तीच. आज दोन्ही ठिकाणी अडीचशे-अडीचशे जागा आहेत, त्यांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, आणि उरलेल्या राज्य कोट्यातल्या जागा प्रवर्गनिहाय वाटल्यावर खुल्या गटाच्या वाट्याला किती येतात याचा हिशेब पुतणीला माझ्यापेक्षा अधिक पाठ होता.

ही चढाओढ पाहिली की पहिल्या दिवसांतली गंमत आठवते. मुंबईत वैद्यकीय शिक्षणाचा पहिला प्रयत्न १८२६ चा. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालच्या त्या शाळेत एतद्देशीय मुलांना त्यांच्या भाषांतून वैद्यक शिकवले जाई, आणि सहा वर्षांत, १८३२ मध्ये, ती बंदही पडली. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर झालेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांनी विषय पुन्हा हाती घेतला, डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी त्यासाठी माहिती गोळा केली. पण १८३८ मध्ये ग्रँट वारले तेव्हा महाविद्यालयाची एक वीटही रचली गेलेली नव्हती. स्मारक म्हणून त्यांचे नाव दिले गेले. शेजारच्या जेजे रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले. (चीनच्या अफूच्या व्यापारातून मोठा झालेला पैसा मुंबईच्या गरिबांच्या औषधपाण्यासाठी वळला, हा योगायोग इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एका ओळीत आटोपतात.) १८४५ मध्ये रुग्णालय आणि महाविद्यालय दोन्ही सुरू झाली, मोरहेड प्रमुख झाले, आणि त्या वेळी अडचण होती ती विद्यार्थी गाळण्याची नव्हे, मिळवण्याची. इंग्रजी पुरेसे येणारी, मृतदेहाला हात लावण्यास तयार असणारी आणि इतकी वर्षे कमाईविना काढू शकणारी मुले शोधावी लागत. त्यांना शिष्यवृत्त्या देऊन टिकवावे लागे.

पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली ती अवघ्या आठ जणांची. आठच, पण त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, ज्यांनी कुष्ठरोगावरच्या औषधाचा शोध घेता घेता शिलालेख वाचले आणि ज्यांचे नाव आज राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आहे, डॉ. आत्माराम पांडुरंग होते, जे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाचे आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एक संस्थापक झाले; आणि वनस्पतिशास्त्रात नाव कमावणारे डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ होते. ज्या महाविद्यालयाला विद्यार्थी हुडकावे लागत होते त्याची ही पहिली फळी. आजच्या भाषेत त्या वर्षीचा कट-ऑफ काय म्हणाल?

शिकवणाऱ्यांतही माणसे अशी होती की त्यांचे नाव या भायखळ्याशी जोडलेले आहे हे अनेक डॉक्टरांनाही ठाऊक नसते. ग्रेच्या शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रे ज्यांनी काढली ते हेन्री व्हँडाइक कार्टर, तो ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी, म्हणजे १८५८ मध्ये, मुंबईत येऊन ग्रँटमध्ये शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले. पुढे ते प्राचार्य झाले आणि पायाला गाठी व छिद्रे पाडणाऱ्या 'मदुरा फूट' या रोगावर त्यांनी केलेले काम आजही उद्धृत होते. १८९६ मध्ये प्लेगने शहर रिकामे होऊ लागले तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना प्रयोगशाळा म्हणून मिळाला तो ग्रँट महाविद्यालयातला एक व्हरांडा. मदतीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे. अशा जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात गेली. आज तिथे हाफकिन संस्था आहे.

मुलींसाठी ग्रँटचा दरवाजा १८८३ मध्ये उघडला. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाण्यासाठी बोटीत चढल्या तेही याच वर्षी.

एवढे सगळे असतानाही एक दरवाजा बंदच होता, आणि तो विद्यार्थ्यांचा नव्हता. ग्रँट हे सरकारी महाविद्यालय. तिथल्या प्राध्यापकांच्या खुर्च्या प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे जात. या सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून भारतीयांना कागदोपत्री खुली होती, पण ती होत असे लंडनला. परिणामी ग्रँटमधून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला मुंबईकर स्वतःचा दवाखाना थाटून कितीही नामांकित झाला, तरी ज्या वर्गात तो शिकला त्या वर्गात खडू हाती घेऊन उभे राहणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असे. विद्यार्थी म्हणून पारख झाली की पुढची पारख गुणांवर होत नसे.

जीएसची कहाणी या अपमानातून सुरू होते आणि म्हणूनच मला ती कट-ऑफपेक्षा महत्त्वाची वाटते. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी मुंबई महापालिकेला वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देऊ केली ती एका अटीवर: तिथे नेमले जाणारे सर्व प्राध्यापक आणि शिक्षक योग्य पात्रतेचे, स्वतंत्र भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. देणगीदाराने आपले नाव दगडात कोरून घ्यावे, पुतळा मागावा, नातेवाइकांसाठी जागा राखून ठेवाव्यात, हे आपण पाहतो. इथे मागितली होती ती शिक्षकांच्या निवडीची अट, आणि शब्दही असा नेमका की पळवाट राहू नये: केवळ 'भारतीय' म्हटले असते तर सरकारी सेवेतला एखादा भारतीय अधिकारी नेमून अट पुरी करता आली असती, 'सरकारी नोकरीतले नसावेत' या शब्दांनी तीही वाट बंद झाली. १९२६ मध्ये महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय परळच्या गिरणगावात उभे राहिले. रुग्णालयाचे नाव मात्र किंग एडवर्ड मेमोरिअल, म्हणजे केईएम! ज्या आवारात सरकारी साहेबाला वर्गात पाऊल ठेवू द्यायचे नव्हते त्याच्या फाटकावर बादशहाचे नाव, आणि आराखडा गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांचा. मुंबईला असल्या विसंगतींचे कधी वावडे नव्हते.

पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे ग्रँटचेच विद्यार्थी. अमरेलीहून आलेला हा मुलगा ग्रँटमध्ये शिकला, लंडनला जाऊन एमडी झाला, गांधीजींचा डॉक्टर झाला, आणि १९४२ पर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षे, त्याने परळची संस्था घडवली. (१९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच.) म्हणजे जीएस आणि ग्रँट या दोन संस्थांना प्रतिस्पर्धी म्हणताना हेही लक्षात ठेवावे की पहिलीची घडण दुसरीच्या विद्यार्थ्याने केली.

त्यानंतरचे जीएसचे नाव केईएमच्या वॉर्डांतून आणि प्रयोगशाळांतून झाले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि आपल्याकडची एक जुनी मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आली. फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या जगातल्या पहिल्या हृदयरोपणाला तीन महिने होण्याच्या आत, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात यायला १९९४ उजाडले, हे पाहिले म्हणजे त्या शस्त्रक्रियेतले धाडस आणि तिचे एकाकीपण दोन्ही कळते. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाताखाली टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म इथेच झाला. ग्रँटच्या बाजूने तोलायचे तर एकटे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर पुरेसे आहेत: गर्भाशयाचे मुख सैल पडून वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १९५५ मध्ये मांडलेला टाका आजही जगभर 'शिरोडकर टाका' म्हणूनच घातला जातो.

परंतु प्रतिष्ठा अशा नावांच्या यादीवर मोजणे हेही एका अर्थी कट-ऑफसारखेच झाले. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी आठला जाऊन उभे राहिल्यास वेगळे काही दिसते. केसपेपर काढण्याच्या खिडकीपुढे रांग लागलेली असते. कोणाच्या हातात एक्स-रेचे मोठे पिवळे पाकीट, कोणाच्या पिशवीत चार गावांच्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या एका रबरबँडमध्ये. एका वृद्ध गृहस्थांना मी तिथे पाहिले होते, तिसऱ्या वर्षाच्या असाव्यात अशा दोन मुली त्यांचा इतिहास लिहून घेत होत्या, आणि ते प्रत्येक प्रश्नाला आधी "बाय, तू जेवलीस का?" असे विचारून मग उत्तर देत होते. थोड्या वेळाने शिकवणारे डॉक्टर आले, त्यांनी मुलींचा कागद न वाचता गृहस्थांची बोटे हातात घेऊन नखांकडे पाहिले आणि म्हणाले, "हे लिहिलंय का?" लिहिलेले नव्हते. वर्षाला लाखोंच्या संख्येने येणारे बाह्यरुग्ण हे या महाविद्यालयाचे खरे ग्रंथालय आहे, आणि जेजेचेही तेच. खासगी महाविद्यालयांतली उपकरणे कितीही नवी असोत, हे ग्रंथालय विकत घेता येत नाही. 'स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी' अशा अर्थाचे लॅटिन वाक्य जीएसचे ब्रीद आहे. त्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कोणालाही ते वाचता येणार नाही, पण ते त्यांच्याच विषयी आहे.

म्हणून जीएस आधी ठेवायचे असेल तर त्या अटीसाठी ठेवावे, असे मी पुतणीला म्हणालो. प्रवेशासाठी कोणाला घ्यायचे हे आज या महाविद्यालयाच्या हातात नाही. कोणाकडून शिकायचे हे मात्र त्याने एकदा ठरवले होते आणि त्यासाठी सरकारी कृपेवर पाणी सोडले होते. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि ग्रँटला गेले तर कार्टरने शिकवलेल्या वर्गात बसता येईल?" मी म्हटले, आवार तेच, वर्ग बदलले असतील. ती हसली. तिने यादीत काहीही बदल केला नाही: पहिले जीएस, दुसरे ग्रँट, तिसऱ्यापासून खाली बरीच नावे. अर्ज लॉक करण्यासाठी ओटीपी माझ्या फोनवर आला, तो मी तिला वाचून दाखवला.