खण घेऊन आलेल्या आक्का

खणाचं, म्हणजे ड्रॉवरचं, हँडल घ्यायला माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुधा मोबाइलमधला फोटो दाखवतं. फोटोवरून माप कळत नाही. विचारलं तर टोकापासून टोकापर्यंतचं सांगतात. लागतं ते एका स्क्रूच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं. ‘चार इंची’ म्हणून ९६ एमएमचं नेतात. जुनं खरंच चार इंची असलं तर ते १०२ च्या आसपास भरतं. मग भोकं कोरत बसतात आणि शिव्या दुकानदाराला.

मे महिना, जळगावचा पारा ४५ च्या घरात. पिंप्राळ्याच्या एक आक्का रिक्षातून अख्खा खणच घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील. नव्या किचनचा खण, चकचकीत पांढरा सनमायका, मधोमध बोराएवढा सोनेरी नॉब.

“आते मना हातमा जोर नही ऱ्हायना भाऊ.”

संधिवातानं बोटं वाकलेली. नॉब चिमटीत धरावा लागतो, आणि त्यांची चिमटीच बसत नव्हती.

मी रोज गोल्ड, मॅट काळं असं काढायला लागलो. आक्कांनी रंगाकडे बघितलंही नाही. एकेक हँडल मला काउंटरवर दाबून धरायला लावलं आणि चार बोटं आत अडकवून ओढून बघितलं. चपटी फॅशनेबल सगळी बाद. पेरंच आत शिरेनात. इतकी वर्षं हँडल विकतोय, पण ओढून बघणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

अडचण होती नॉबच्या भोकाची. हँडलला नवी दोन भोकं पाडली की मधलं उघडं दिसणार. म्हणून मागे पट्टी असलेलं १२८ एमएमचं स्टीलचं काढलं. पट्टीखाली जुनं भोक झाकतं. मिस्त्री पाठवतो म्हटलं, तर नको. “हे होते तेव्हाही घरातली ठोकाठोक मीच करायची.” ड्रिल घरात होतंच.

मग सगळ्या खणांना चालेल असा लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साचा कापून दिला. जुनं भोक मध्य धरायचं, दोन्हीकडे ६४-६४. सनमायक्यावर चिकटपट्टी, खिळ्यानं टोचा, चार एमएमच्या स्क्रूला पाचचं बिट, म्हणजे सरकवायला जागा राहते. आणि मागून लाकडाचा तुकडा घट्ट दाबायचा, नाहीतर बिट बाहेर पडताना प्लायचे कपचे उडतात. हा तुकडा निम्मे मिस्त्री लावत नाहीत.

दोन दिवसांनी मुलगा आला, तापलेला. “म्हाताऱ्या माणसाला भोकं पाडायला शिकवता? किचनचे हप्ते मी भरतोय!” फोटो दाखवले. मी झूम करून बघितले. एक कपचा उडालेला नाही, लावलेली सगळी हँडलं एका ओळीत. त्याला नॉब परत हवे होते. सांगितलं, पांढऱ्या चकचकीत सनमायक्यावर बुजवलेलं भोक लपत नाही. फळ्याच बदलाव्या लागतील.

तो चूक आहे असंही म्हणवत नाही. पैसा त्याचा, घर त्याचं. पण दिवसभर ते खण उघडतं कोण? किचनवाले डिझाइन दाखवतात ते चेक देणाऱ्याला. विकण्याआधी मी घरी फोन लावायला हवा होता का? सत्तरीच्या बाईला ‘मुलाला विचारलंत का’ म्हणायचं, हेही मला जमलं नसतं.

थोडा वेळ तो गप्प उभा राहिला. मग त्यानं ४० एमएमचे दोन स्क्रू मागितले. सगळ्यात खालच्या खणाला दुहेरी फळी होती. तिथं पाकिटातले २५ चे पुरले नव्हते आणि आक्कांनी ते हँडल न लावता तसंच ठेवलं होतं.