आमची वाटचाल – आधी खर्चाचा कागद, मग पक्षी

आमचा व्यवसाय सुरू झाला पिंजऱ्यांपासून. मिस्टर वेल्डिंगची कामं करायचे, ग्रिल, गेट वगैरे, आणि कोणी सांगितलं तर पिंजराही बनवून द्यायचे. मला पक्ष्यांचं वेड लहानपणापासून, घरी बजीच्या, म्हणजे छोट्या ऑस्ट्रेलियन पोपटांच्या जोड्या होत्या, त्यांची पिल्लं ओळखीपाळखीत जायची. मग लोक दोन्ही एकत्रच मागायला लागले, पक्षी तुमचा आणि पिंजराही तुमचाच द्या म्हणून, आणि बघता बघता त्याचाच धंदा झाला. पुढे दाण्यांचं मिक्स आलं, मग लोक बाहेरगावी जाताना पक्षी आमच्याकडे ठेवायला लागले तेही सुरू केलं. पण आमच्याकडे लोक विश्वासाने येतात ते मला वाटतं एका कागदामुळे. पक्षी बघायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात आधी तो कागद देतो, पक्षी नंतर.

झालं काय की फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "पक्षी केवढ्याला?" आता बजी हा पोपटांमधला सगळ्यात स्वस्त मिळणाऱ्या पक्ष्यांपैकी एक, आणि त्याला कारण आहे. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून जिवंत बजी इंग्लंडला नेले, तेव्हापासून त्यांची पिंजऱ्यात पैदास चालू आहे. मादी एका वेळी साधारण ४ ते ६ अंडी घालते, १८ दिवसांत पिल्लू बाहेर येतं, पाच आठवड्यांच्या आसपास घरटं सोडतं. पक्षी भरपूर, म्हणून किंमत कमी. पण हा कमी आकडा ऐकून माणूस मनात हिशोब करून मोकळा होतो, आणि खरा खर्च तर तिथून पुढे चालू होतो, कारण नीट सांभाळलेला बजी ५ ते १० वर्षं जगतो, काही त्याच्याही पुढे जातात. म्हणून मी मिस्टरांना म्हटलं, आपण सगळं लिहूनच देऊया, पहिल्या दिवशीचा खर्च वेगळा, महिन्याचा वेगळा आणि कधीतरी अचानक येणारा वेगळा.

पहिल्या दिवशीच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा पिंजऱ्याचा असतो. कितीतरी जण विचारतात की एवढ्याशा पक्ष्याला एवढा मोठा पिंजरा कशाला, त्यात पक्ष्याच्या कितीतरी पट पैसे जातात. तर बजी उडतो तो आडवा, त्यामुळे उंच आणि अरुंद पिंजरा दिसायला छान असला तरी त्याच्या कामाचा नाही, लांबी हवी. एका पक्ष्याला निदान दीड फूट लांब-रुंद आणि जोडीला अडीच फूट लांब, हे आम्ही कमीत कमी धरतो, त्याहून मोठा जमला तर उत्तमच. गोल पिंजरा आम्ही बनवतच नाही, ऑर्डर आली तरी. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर डोकं अडकतं.

आणि जाळीचा दर्जा. मध्यंतरी एका पुरवठादाराने आम्हाला स्वस्तात जस्ताचा मुलामा दिलेली जाळी दिली, वरून चकचकीत, पण कापलेल्या टोकांना जस्ताचे पांढरे भुरभुरीत गोळे, नखाने खरवडलं तर पडायचे. बजी दिवसभर चोचीने तारा चावतो, चोचीच्या आधाराने वर चढतो, ते जस्त पोटात गेलं की विषबाधा होते, सुस्ती, उलटी, पातळ शी, आणि वेळेत उपचार नाही झाले तर पक्षी जातो. ती सगळी जाळी आम्ही बाजूला काढली, पैसे परत मिळाले नाहीत त्याचा मला अजून राग आहे. तेव्हापासून चांगल्या पावडर कोटिंगचे किंवा स्टेनलेसचे पिंजरे, भाव जास्त पडतो आणि तो का पडतो ते कागदावर लिहिलेलं आहे.

दांड्यांना मात्र फार पैसे घालू नका. पिंजऱ्यासोबत येणाऱ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्यांवर कायम बसून पायाच्या तळव्याला एकाच जागी दाब येतो, फोड होतात. कमीजास्त जाडीच्या झाडाच्या फांद्या, औषध न मारलेल्या, धुऊन वाळवून लावल्या की काम झालं. खेळणी पण तशीच, कागद, सुतळी, लाकडाचे तुकडे, बजीला कुरतडायला मिळाल्याशी मतलब. आरसा नको म्हणते मी, एकटा पक्षी त्यालाच जोडीदार समजून बसतो.

आता खाणं. बजी दिवसाला दीड-दोन छोटे चमचे दाणे खातो, त्यामुळे महिन्याचा खर्च बघितला तर दाण्यांचा आकडा छोटाच. पण नुसत्या दाण्यांवर ठेवलेला बजी आतून पोखरला जातो. दाण्यांत चरबी जास्त आणि अ जीवनसत्त्व, कॅल्शियम, आयोडीन कमी, मग लिव्हर खराब होतं, गळ्यात गाठ येते, श्वासाला त्रास. म्हणून दाण्यांच्या सोबत पेलेट (पक्ष्यांचं तयार खाद्य, छोट्या गोळ्यांसारखं), हिरव्या पालेभाज्या, गाजर, आणि चोचीने घासायला समुद्रफेस. दाण्यावरच्या पक्ष्याला पेलेट एकदम देऊन दाणे बंद करायचे नाहीत, तो उपाशी बसेल, हळूहळू प्रमाण बदलायचं. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट अजिबात नाही, विषारी आहे.

आमचं मिक्स आम्ही छोट्या पाकिटातच विकतो. मोठ्या पिशवीत किलोमागे स्वस्त पडतं हे खरंय पण एका पक्ष्याला ती पिशवी कितीतरी महिने पुरते, तोवर दाण्यात कीड, बुरशी, वास, आणि शेवटी अर्धी फेकून द्यावी लागते. आणि अजून एक, नवीन माणसाला हे हमखास सांगते, बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वाटी वरून भरलेली दिसते, हात घातला तर सगळी टरफलंच. रोज एकदा वाटीवर हलकी फुंकर मारायची, टरफलं उडतात, खाली काय उरलंय ते दिसतं. भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी राहिल्याचं मी ऐकलंय म्हणून इतकं लिहिलं.

डॉक्टरांचा खर्च हा लोकांना सगळ्यात जास्त खटकतो. "पक्ष्यापेक्षा डॉक्टरची फी जास्त!" हो, असते, कारण डॉक्टर त्यांच्या ज्ञानाचे आणि वेळेचे पैसे घेतात, तुम्ही पक्षी केवढ्याला आणला याच्याशी त्याचा काय संबंध. शिवाय पक्षी बघणारे डॉक्टर सगळीकडे नसतात, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. बजीमध्ये गाठींचं प्रमाण बरंच आहे, मादीचं अंडं अडकतं, चोचीवर माइट्समुळे (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) खवले धरतात, आणि पक्ष्यांपासून माणसाला लागू शकणारा सिटाकोसिस नावाचा आजार पण आहे. त्यामुळे घेतल्या घेतल्या एक तपासणी आणि दर महिन्याला थोडे पैसे बाजूला, एवढं करायची तयारी नसेल तर मी सरळ सांगते की सध्या पक्षी घेऊ नका. गिऱ्हाईक गेलं तर जाऊदे.

ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा मात्र पहिल्याच दिवशी घ्या. बजीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम, काही जाती त्याहून भारी. आजार तो शेवटपर्यंत लपवतो, पिसं फुगवून बसलेला दिसला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो, पण काट्यावर तीन-चार ग्रॅम कमी झालेले आधी कळतात. आमच्याकडे मुक्कामाला आलेला प्रत्येक पक्षी रोज सकाळी खाण्याआधी काट्यावर बसतो, वहीत नोंद होते, आणि घरचे न्यायला आले की ते पान त्यांना दाखवतो.

एक खर्च कुणाच्याच डोक्यात येत नाही, तो स्वयंपाकघराचा. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या कोटिंगमधून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, माणसाला वासही आला नसेल तरी. भांडी बदला, निदान पक्षी किचनपासून लांब ठेवा. सुगंधी मेणबत्त्या, स्प्रे, सिगारेट यांचंही तसंच.

दुसरा पक्षी आणायचा तर लोक म्हणतात पिंजरा आहेच, फक्त पक्ष्याचे पैसे. तसं नसतं हो. नवीन पक्षी निदान महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, शक्य असेल तर वेगळ्या खोलीत ठेवायचा, त्याचीही तपासणी, मग दोघांना एकत्र. तरीही बजी थव्यातला पक्षी आहे, दिवसभर घरात कोणी नसेल तर जोडीच घ्या असं माझं ठाम मत आहे, फक्त घरट्याचा डबा लावू नका, पिल्लांचा खर्च हा वेगळाच विषय आहे.

मोठ्या कंठवाल्या पोपटाची मागणी पण येते. तो २०-३० वर्षं जगू शकतो, आवाज मोठा, पिंजरा मोठा, आणि बऱ्याच देशांत रानातले पोपट पकडणं, पाळणं गुन्हा आहे. त्यामुळे आमच्याकडे फक्त पिंजऱ्यात जन्मलेले बजी, आणि दुसरं काही हवं असेल तर आधी आपल्या इथला कायदा वाचा असं सांगतो.

या सगळ्यातून अजून एक काम आपोआप सुरू झालं. घर बदललं, बाळ आलं, ॲलर्जी निघाली, अशा कारणांनी लोकांना पक्षी ठेवता येत नाही, ते आम्हाला फोन करतात. आम्ही तो पक्षी ठेवून घेतो, वेगळा ठेवतो, तपासून घेतो आणि नवीन घर शोधतो. त्या पक्ष्याचे पैसे घेत नाही. पण नवीन घरवाल्यांना तोच कागद देतो, सोबत डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी आणि वजनाचं पान, आणि त्यांनी पिंजऱ्याचा फोटो पाठवल्याशिवाय पक्षी हातात देत नाही.