वध म्हणावं की खून?

भाचीनं जेवता जेवता विचारलं, "मामा, टिरॅनिसाइडला मराठीत काय म्हणतात?" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी असले प्रश्न गुजराती शाळेतून येतात आणि मराठीत सुटतात. म्हणजे सुटले तर. "जुलमी राजाचा वध," मी म्हणालो. "हे तर तीन शब्द झाले!"

खरं तर 'वध' एकटाच पुरतो. अफजलखानाचा वध, कंसाचा वध. पण नारायणराव पेशव्यांचा मात्र खून. १७७३ साली शनिवारवाड्यात गारद्यांनी जे केलं, त्याला वध म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. मेलेला कोण होता याचा निवाडा आपण शब्दातच उरकतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात तर भीष्म सरळ सांगतात: रक्षण करीन म्हणून जो राजा करत नाही, त्याला प्रजेनं एकजुटीनं पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारावं.

टिरॅनिसाइड लॅटिनमधून आला, पण त्यातला 'टिरॅन' मूळचा ग्रीक, 'तुरान्नोस'. सुरुवातीला ती शिवी नव्हती. वारसा नसताना गादी बळकावली की झाला तुरान्नोस, मग कारभार कसा का असेना. (या हिशेबात अठराव्या शतकातले आपले किती सरदार बसतील, ते मोजायला नको.) अथेन्सला इ.स.पू. ५१४ मध्ये हार्मोडियस आणि अरिस्टोगायटन यांनी हिप्पार्कसला मारलं. भांडण प्रेमप्रकरणाचं आणि हार्मोडियसच्या बहिणीच्या अपमानाचं. शिवाय मेला तो सत्ताधाऱ्याचा भाऊ. खरा सत्ताधारी हिप्पियास आणखी चार वर्षं राहिला, पहिल्यापेक्षा कडक होऊन. तरी पुतळे उभे राहिले ते या दोघांचेच.

आमच्या बडोद्यात प्रकार उलटा झाला. मल्हारराव गायकवाडांच्या जुलमाची बोंब होतीच, पण १८७४ मध्ये विष घातलं गेलं ते रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात, आणि आरोपी खुद्द महाराज! चौकशीला सहा जण बसले. तिघा इंग्रजांना गुन्हा दिसला; ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना तो सिद्ध झालेला दिसला नाही. मग सरकारनं विषाचा मुद्दा गुंडाळला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन महाराजांना मद्रासला धाडलं. त्याला कागदोपत्री शब्द आहे 'पदच्युत'. त्यावर कुणी पोवाडा रचावा, असा तो शब्द नव्हे. त्याच वर्षी कवळाण्याचा गोपाळराव नावाचा पोरगा दत्तक आणून गादीवर बसवला, तेच आमचे सयाजीराव.