अडीनडीचे खाते: १५ दिवसांपासून १३१ दिवसांपर्यंत

साडेतीन वर्षांपूर्वी माझ्या आईला तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा आमच्या बचत खात्यात अनामत भरण्याइतकीही रक्कम नव्हती. मी घरून अनुवादाची कामे करते आणि माझे मानधन काम पोहोचवल्यानंतर ४५ ते ६० दिवसांनी जमा होते; पतीचा त्या महिन्याचा पगार घराचा हप्ता आणि इतर देणी यांत नुकताच संपला होता. विमा होता, पण त्यात बिल आधी आपण भरायचे आणि परतावा नंतर मिळायचा, त्यामुळे सारे बिल क्रेडिट कार्डावर गेले. परतावा उशिरा आला, तोही पूर्ण नव्हता, आणि उरलेल्या रकमेवर दरमहा ३ टक्के व्याज चढू लागले. न फेडलेल्या व्याजावरही व्याज लागत गेले तर या ३ टक्क्यांचे वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतात. हा हिशेब मी कागदावर मांडला, त्याच रात्री आम्ही दोघांनी अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम उभी करण्याचे ठरवले.

सुरुवातीला मला वाटले होते की दरमहा काही रक्कम बाजूला काढली की काम झाले. प्रत्यक्षात पहिले दोन महिने बाजूला काढलेले पैसे महिनाअखेरीस परत काढावे लागले, आणि दोन्ही वेळा कारण ‘अचानक आलेला खर्च’ हेच होते. म्हणून मागील १२ महिन्यांच्या खात्याच्या उताऱ्यांची पाने काढून आम्ही ज्या नोंदींना अचानकचे खर्च म्हणत होतो, त्या एका वहीत उतरवल्या. अशा २३ नोंदी निघाल्या. त्यांतल्या १६ मुळीच अचानक नव्हत्या. विम्याचा वार्षिक हप्ता, गाडीची ठरलेली देखभाल, मुलीच्या शाळेचे नवे सत्र, झिजलेले टायर, चष्म्याचा बदललेला नंबर, हे सारे येणार हे आम्हाला ठाऊक होते. ते दरमहा येत नसल्यामुळे आमच्या महिन्याच्या हिशेबात त्यांना जागाच नव्हती, एवढेच. खरोखर अनपेक्षित म्हणाव्यात अशा नोंदी सात होत्या: आईचे आजारपण, भिंतीतली फुटलेली जलवाहिनी, एका संस्थेने बुडवलेले माझे मानधन आणि अशाच आणखी चार.

माझ्या मते या सगळ्या प्रवासातले सर्वांत उपयोगी काम हेच होते. त्या १६ खर्चांची वर्षाची बेरीज करून तिला १२ ने भागले आणि तेवढी रक्कम दरमहा ‘वर्षाच्या खात्यात’ जाऊ लागली. अडीनडीचे खाते त्यापासून वेगळे ठेवले. दोन्ही पैसे एकत्र असते, तर शाळेच्या शुल्काने आजारपणाची तरतूद खाल्ली असती आणि आम्हाला ते कळलेही नसते.

किती रक्कम हवी, यावर आमची चर्चा बराच काळ चालली. तीन ते सहा महिन्यांचा खर्च असावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, पण कोणता खर्च धरायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आम्ही केवळ टाळता न येणारा खर्च धरला: घराचा हप्ता, किराणा, औषधे, वीज, शाळा, विमा. तो आमच्या सरासरी उत्पन्नाच्या ६० टक्के निघाला. एकाच घरात एक उत्पन्न नियमित आणि दुसरे अनियमित असल्यामुळे आम्ही पाच महिन्यांचे, म्हणजे १५० दिवसांचे उद्दिष्ट ठेवले. उत्पन्नाचे १० टक्के बाजूला काढले तर एका महिन्याचा आवश्यक खर्च साठायला सहा महिने लागतात. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या बचतीतून घर चालवण्याचे पाच दिवस मिळतात. तेव्हापासून मी वहीत रकमेऐवजी दिवस लिहू लागले. रक्कम पाहिली की ती कशावर तरी खर्च करण्याचे विचार येत. दिवस पाहिले की तसे होत नसे.

पहिल्या तीन महिन्यांत १५ दिवस जमले आणि तिथे आम्ही थांबलो. बचत खात्यावरचे व्याज आणि कार्डावरचे व्याज यांची तुलनाच होऊ शकत नसल्याने पुढचे नऊ महिने सारी बचत कर्ज फेडण्याकडे वळवली. मात्र ते १५ दिवस हलवले नाहीत, कारण हाताशी काहीच नसते तर पुढची नड पुन्हा कार्डावरच गेली असती. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती व्हावी, अशी सूचना बँकेला देऊन ठेवली होती; महिनाअखेरीस उरेल ते ठेवू, या पद्धतीने आमच्याकडे कधीच काही उरले नव्हते.

कर्ज फिटल्यावर पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्न आला. एका महिन्याचा खर्च दोघांनाही काढता येईल अशा संयुक्त बचत खात्यात ठेवला आणि बाकीच्या रकमेच्या एका मोठ्या मुदत ठेवीऐवजी अनेक लहान ठेवी केल्या. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कमी मिळते; लहान ठेवी असल्या की गरजेपुरती एकच मोडता येते. शेअर बाजारात ठेवण्याची सूचना एका स्नेह्याने आपुलकीने केली होती, पण ती मी मानली नाही. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जगातले अनेक प्रमुख निर्देशांक काही आठवड्यांत सुमारे एक तृतीयांशाने घसरले आणि त्याच सुमारास असंख्य लोकांचे कामही गेले. नोकरी जाते तेव्हाच गुंतवणूक तोट्यात विकावी लागणे, हा धोका या पैशांसाठी मला मान्य नव्हता.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. पंधराव्या महिन्यात माझी दाढ दुखू लागली, तेव्हा वहीतले ३० दिवस कमी होऊ नयेत म्हणून मी दंतवैद्याकडे जाणे कित्येक आठवडे लांबवले. साध्या भरणीने भागले असते तिथे रूट कॅनॉल आणि वर कॅप बसवावी लागली, आणि ११ दिवसांची रक्कम गेली. ज्या कामासाठी निधी उभा केला त्याच कामाला तो वापरायला मी घाबरले, याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर आम्ही ठरवले की खर्च अनपेक्षित, आवश्यक आणि तातडीचा असेल तर दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला न विचारता पैसे काढावेत आणि नंतर फक्त वहीत नोंद करावी.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, मधूनमधून मिळालेल्या मोठ्या मानधनांची भर पडून, वहीत १३१ दिवस झाले होते. त्याच महिन्यात पतीचा विभाग कंपनीने बंद केला. नऊ आठवडे त्यांचा पगार नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्यांना एक नोकरी मिळत होती, पण पगार बराच कमी होता आणि काम त्यांच्या अनुभवाचे नव्हते. ती त्यांनी शांतपणे नाकारली, आणि मीही त्यांना थांबायलाच सांगितले. माझे मानधन येत राहिल्यामुळे ४१ दिवसांची रक्कम लागली. कोणाकडेही उसने मागितले नाही, कार्डही वापरले नाही.

नवी नोकरी लागून आता पाच महिने झाले आहेत. दरमहाची सूचना पुन्हा सुरू केल्यावर ९० चे ११५ दिवस झाले होते. परंतु गेल्या आठवड्यात आवश्यक खर्चाचा हिशेब नव्याने केला तेव्हा तो ६ टक्क्यांनी वाढलेला आढळला, त्यामुळे तीच रक्कम आता १०८ दिवसांची ठरते. १५० पर्यंत पोहोचायला आणखी साधारण नऊ महिने लागतील. या वेळची नोंद मुलीने स्वतःच्या हाताने वहीत केली आहे.