सातवा वारस

अमेरिकन गायक प्रिन्स मृत्युपत्र न करता गेला, ही गोष्ट मला अजून पचत नाही. गाण्यांच्या मालकीवरून वॉर्नर ब्रदर्स या आपल्याच रेकॉर्ड कंपनीशी उभं वैर घेणारा, त्या भांडणात १९९३ साली स्वतःचं नाव टाकून कुणालाच उच्चारता येणार नाही असं चिन्ह धारण करणारा, गालावर ‘स्लेव्ह’ लिहून लोकांसमोर येणारा हा माणूस. माझ्या गाण्याचं काय करायचं ते मी ठरवणार, एवढ्या एका हट्टापायी त्याने उमेदीची वर्षं झगडण्यात घालवली. आणि २१ एप्रिल २०१६ रोजी, ५७ व्या वर्षी, तो अचानक गेला तेव्हा आपल्यामागे या गाण्यांचं काय करायचं याबद्दल त्याने लिहिलेली एक ओळ सापडली नाही.

पुढचं सगळं आपल्या ओळखीचं आहे, फक्त गाव वेगळं. मिनेसोटातल्या कार्व्हर काउंटीच्या कोर्टात प्रकरण गेलं. दोन लग्नं, दोन्ही मोडलेली. एकुलतं मूल १९९६ मध्ये जन्मल्यावर काही दिवसांतच गेलेलं. मग नातेवाईक उगवायला लागले. कोलोरॅडोत तुरुंगात असलेल्या एकाने आपण प्रिन्सचा मुलगा असल्याचा दावा केला, तो डीएनए चाचणीने निकालात काढला. वर्षभराने, मे २०१७ मध्ये, न्यायाधीशांनी सहा वारस ठरवले: एक सख्खी बहीण आणि पाच सावत्र भावंडं. तिथला कायदा या बाबतीत सख्खं-सावत्र करत नाही, त्यामुळे सहाही जणांना सारखा वाटा.

वाटा किती रकमेचा, हे ठरायला आणखी बरीच वर्षं गेली. इस्टेट सांभाळणाऱ्या बँकेच्या हिशेबाने ८ कोटी २३ लाख डॉलर. कर खात्याच्या हिशेबाने १६ कोटी ३२ लाख. शेवटी २०२२ च्या जानेवारीत १५ कोटी ६४ लाखांवर तडजोड झाली. तोवर सहापैकी दोन भाऊ वारले होते आणि तिघांचे वाटे, कुणाचा पुरता तर कुणाचा बराचसा, प्रायमरी वेव्ह नावाच्या कंपनीने विकत घेतले होते. गाण्यांचे हक्क विकत घेणं हाच तिचा धंदा. त्याच वर्षी इस्टेटचे सरळ दोन भाग झाले: अर्धा त्या कंपनीचा, अर्धा उरलेल्या कुटुंबाचा आणि त्यांच्या सल्लागारांचा. या सल्लागारांतला एक जण कधीकाळी खुद्द प्रिन्सचा वकील होता.

हे सहा झाले कोर्टाचे. सातवा कोर्टाची पायरी चढलाच नाही, कारण आपला हक्क कुणी नाकारेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. तो म्हणजे चाहता. मी त्यातलाच एक.

आणखी एक माझा मित्र. तो मिनेसोटात नोकरीला आहे. वाटण्या कशाही होवोत, आमचं भांडण त्याहून जुनं आणि जास्त कडवं आहे. ‘अरे, तो असता तर त्याने हे होऊ दिलं नसतं,’ असं मित्र म्हणतो. मी म्हणतो, उलट त्याला हेच हवं होतं. जगभर प्रिन्सचे चाहते भांडतात ते याच दोन वाक्यांनी, आणि दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याला आपण प्रिन्सच्या उशाशी बसून त्याची शेवटची इच्छा ऐकली आहे याची खात्री असते.

पहिला खटका उडाला पेस्ली पार्कवरून. मिनिॲपोलिसच्या बाहेर चॅनहॅसन गावात प्रिन्सने बांधलेली ही पांढरी, बाहेरून एखाद्या गोदामासारखी दिसणारी इमारत. स्टुडिओ तोच, घरही तेच. तो गेल्याला सहा महिने व्हायच्या आत, ऑक्टोबर २०१६ मध्ये, तिथे तिकीट लावून संग्रहालय उघडलं. चालवायला दिलं ते गायक एल्व्हिस प्रेस्लीचं घर, ग्रेसलँड, संग्रहालय म्हणून चालवणाऱ्यांकडे. राख थंड व्हायच्या आत तिकिटं, असं लोक म्हणाले, आणि राख तर तिथेच होती: आत गेल्यावरच्या चौकात, पेस्ली पार्कच्याच आकाराच्या छोट्या कलशात. काही जण हे बघून संतापले, काही तिथे उभे राहून रडले आणि आपल्याला आत यायला मिळालं म्हणून कृतज्ञ झाले. घराचं संग्रहालय करायची तयारी प्रिन्सने स्वतःच सुरू केली होती, असं त्याच्या जवळची माणसं सांगतात. मित्र तिथे सहकुटुंब जाऊन आला. आत फोन वापरू दिले नाहीत, दारातच पिशवीत घालून कुलूपबंद केले. त्याच्या बायकोला याचा राग आला, कारण एवढं तिकीट काढून एक फोटो नाही. मित्राला मात्र ते फारच आवडलं. प्रिन्स त्याच्या कार्यक्रमांतही फोन चालू देत नसे. इस्टेटने केलेल्या गोष्टींपैकी मित्राला बिनशर्त पटलेली ही बहुधा एकच.

खरी ठिणगी पडते ती व्हॉल्टच्या नावाने. १९८३ मध्ये सुझन रॉजर्स नावाची तंत्रज्ञ प्रिन्सकडे कामाला आली आणि तिने त्याच्या इकडेतिकडे विखुरलेल्या टेपा गोळा करून एका जागी लावायला सुरुवात केली. पुढे पेस्ली पार्क बांधलं तेव्हा तळघरात त्यासाठी तिजोरीसारखी खोलीच झाली, तोच हा व्हॉल्ट. हा माणूस दिवसाला एक गाणं करावं अशा झपाट्याने ध्वनिमुद्रण करायचा, त्यातलं थोडंच बाहेर यायचं, बाकी सगळं खाली. खोलीचा आकडा फक्त त्यालाच ठाऊक. तो गेल्यावर दार ड्रिलने फोडावं लागलं.

२०१७ मध्ये इस्टेट सांभाळायला नव्याने नेमलेल्या बँकेने तिथला ठेवा ट्रकांत भरून लॉस एंजेलिसला हलवला. तापमान, आर्द्रता, आग, पाणी, सगळ्याचा विचार केलेल्या जागी. काही वारस खवळले, चाहते त्याहून जास्त. विठोबा विजयनगरला गेला आणि भानुदासांनी परत आणला ही कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा संताप समजायला वेळ लागू नये. टेपा कॅलिफोर्नियात जास्त टिकतील हे सगळ्यांना कळत होतं. पण त्या तिथल्या नव्हत्या.

आता त्यातून काय बाहेर काढावं? २०१८ मध्ये ‘पियानो अँड अ मायक्रोफोन १९८३’ आलं. घरी बसून कॅसेटवर केलेलं ध्वनिमुद्रण, जेमतेम पाऊण तासाच्या आतलं. पंचविशीतला मुलगा पियानोवर एका गाण्यातून दुसऱ्यात शिरतोय, मध्येच ध्वनिमुद्रकाशी चार शब्द बोलतोय. कुणी आपलं ऐकतंय असं त्याच्या गावीही नाही. मला यापेक्षा सुंदर काही नको. मित्राच्या मते हीच तर चोरी: त्याने हे आपल्याला ऐकवलं नव्हतं, आपण दाराला कान लावलाय. मग २०२१ मध्ये ‘वेलकम टू अमेरिका’ आला. हा प्रिन्सने २०१० मध्ये पूर्ण केला होता, त्याच नावाने दौराही केला, आणि आल्बम मात्र तसाच ठेवून दिला. हा मित्राला चालतो, कारण पूर्ण होता. मी म्हणतो, पूर्ण करून न दिलेली गोष्ट तर जास्त स्पष्ट नकार आहे.

तो असता तर काय म्हणाला असता, हे शोधायला त्याच्या आयुष्यात जावं तर तिथे सगळंच सापडतं. १९८७ च्या डिसेंबरमध्ये ‘ब्लॅक आल्बम’ दुकानात जायला आठवडा उरलेला असताना त्याने तो मागे घेतला. छापलेल्या प्रती, पाच लाखांच्या आसपास असं सांगतात, नष्ट करायला लावल्या. थोड्या निसटल्या, त्यांच्या चोरट्या नकला जगभर फिरल्या, आणि १९९४ मध्ये तोच आल्बम रीतसर बाजारात आला. मागे घेणाराही तोच, सहीही त्याचीच. २०१४ च्या सुरुवातीला त्याने आपल्या मैफलींच्या चोरट्या ध्वनिमुद्रणांचे दुवे देणाऱ्या २२ जणांवर दावा ठोकला, प्रत्येकी दहा लाख डॉलरचा, आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला. ज्या वॉर्नरच्या नावाने गालावर ‘स्लेव्ह’ लिहिलं त्याच वॉर्नरशी त्याच वर्षी समझोता करून आपल्या जुन्या मूळ मुद्रणांची मालकी परत मिळवली. २०१५ मध्ये गाणी बहुतेक सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवरून काढून घेऊन एकट्या टायडलवर ठेवली. तो गेल्यावर वर्ष उलटायच्या आत, ग्रॅमीच्या दिवशी, इस्टेटने ती पुन्हा सगळीकडे लावली. हा विश्वासघात होता का? असेलही. पण गेल्या वर्षीचा प्रिन्स आणि या वर्षीचा प्रिन्स यांचं जिवंतपणी तरी कुठे एकमत होतं?

रंगाचंच बघा. जांभळा म्हणजे प्रिन्स, हे लहान पोरालाही ठाऊक. २०१७ मध्ये इस्टेटने रंगछटांची प्रमाणं ठरवणाऱ्या पँटोन कंपनीबरोबर खास प्रिन्सच्या नावाची जांभळी छटा ठरवून घेतली, पुढच्या वर्षी जांभळ्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मागायलाही निघाली. आणि त्याच २०१७ मध्ये, लंडनला त्याच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं तेव्हा, सख्खी बहीण सहज बोलून गेली की त्याचा आवडता रंग नारिंगी होता. चाहत्यांत हाहाकार! मला मात्र ती बाई फार आवडली. सगळे जण त्याला एका रंगात बुडवायला निघालेले असताना घरच्या माणसाला काहीतरी वेगळंच आठवत होतं.

माझी खरी तक्रार पैशांबद्दल नाहीच. गाण्यांवर कुणीतरी पैसे मिळवणारच. तोही मिळवत होता आणि त्याबाबत फार काटेकोर होता. मला नकोशा वाटतात त्या भर घालण्याच्या गोष्टी. २०१८ च्या फेब्रुवारीत मिनिॲपोलिसलाच सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम, सामना होता. त्याच्या मध्यंतरातल्या गाण्याच्या कार्यक्रमात प्रिन्सचा होलोग्राम रंगमंचावर आणणार अशी आवई उठली. १९९८ च्या एका मुलाखतीत मेलेल्या कलाकाराला यंत्राने उठवून जिवंताबरोबर गायला लावणं ही त्याने सैतानी गोष्ट म्हटली होती, त्यामुळे चाहते पेटून उठले. होलोग्राम आला नाही. भल्यामोठ्या कापडावर त्याची चित्रफीत दाखवली आणि गायक जस्टिन टिंबरलेकने पियानोवर बसून त्याबरोबर गाऊन घेतलं. होलोग्राम नाही तर पडदा, वड्याचं तेल वांग्यावर. कुणी काही म्हणो, मला ते बघवलं नाही. कॅसेटवरचा पियानो निदान त्याचाच, त्याने वाजवला तेवढाच. त्यावर मागाहून कुणी ढोल चढवलेला नाही.

मित्र म्हणतो, तुझं हे सोयीचं शास्त्र आहे. असेल. अन्नपूर्णादेवींनी मुंबईत दार लावून घेऊन दशकानुदशकं साधना केली, मंचावर येणं थांबवलं, ध्वनिमुद्रण करू दिलं नाही. आज त्यांचं सूरबहार म्हणून आपण जे ऐकतो ते कुणीतरी कधीतरी त्यांच्या नकळत टिपलेलं आहे. त्यातल्या एका मांज खमाजच्या खरखरीसकट मी अनेक रात्री काढल्या आहेत. इथे मला कुणाची इच्छा आडवी आली नाही, आणि इथे तर इच्छा अगदी स्पष्ट होती.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत सिनेमा गाडला गेला आणि आमची बाजू उलटीपालटी झाली. एझ्रा एडलमन हा ऑस्कर मिळवलेला दिग्दर्शक सुमारे पाच वर्षं प्रिन्सवरच्या माहितीपटावर राबत होता. नेटफ्लिक्ससाठी, तब्बल नऊ तासांचा. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या लिखाणावरून कळतं की त्यात त्याची प्रतिभा जशी आहे, तसे त्याच्या जवळच्या काही बायकांनी सांगितलेले फार कटू अनुभवही आहेत. इस्टेट म्हणाली, यात चुका आहेत आणि हा सनसनाटीपणा आहे. शेवटी नेटफ्लिक्स आणि इस्टेटने मिळून जाहीर केलं की हा सिनेमा येणार नाही. इस्टेट स्वतः दुसरा काढेल.

व्हॉल्टमधली प्रत्येक खरडलेली टेप ऐकायला मिळावी म्हणून वर्षानुवर्षं कंठशोष करणारे किती तरी चाहते त्या दिवशी खूश झाले. त्यांना त्याचा आवाज हवा होता, त्याच्याबद्दलचे इतरांचे आवाज नको होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, आणि ते नासल्याचं कुणी म्हणायचं नाही. मला इस्टेटचा कुठलाही निर्णय एवढा लागला नव्हता. जे त्याने वाजवलं त्यात भर घालू नका हे जर खरं, तर जे घडलं त्यातून वजाही करू नका. चुका असतील तर दाखवा, उत्तर म्हणून दुसरा सिनेमा काढा, पण पहिला बघू तर द्या.

मित्राने नेहमीप्रमाणे विरुद्ध बाजू घेतली. ‘नऊ तास बघून तुला त्याचं गाणं जास्त कळणार आहे का?’ कदाचित नाही. ‘मग ज्याला उत्तर द्यायला तो नाही, ते कशाला ऐकायचं?’ पण उत्तर द्यायला तो कॅसेटवरच्या पियानोबद्दलही नव्हता, असं मी म्हटलं, आणि फोनवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग त्याने विषय बदलला.

सध्या आमचं ‘कॅमिल’वरून चाललंय. १९८६ मध्ये प्रिन्सने स्वतःचा आवाज वेग बदलून बाईसारखा चिरका करून हा सबंध आल्बम बांधला आणि बाजूला ठेवला. मित्राचं म्हणणं, तो आता स्वतंत्र यायलाच हवा. मी म्हटलं, त्याने स्वतः तो मोडून त्यातली गाणी इकडेतिकडे वाटून टाकली, मग पुन्हा जुळवायचा अधिकार कुणाला? ‘बरं, पण आलाच तर घेणार नाहीस?’ घेईन की. जमलं तर तबकडीच घेईन.